औषधाचे वावडे : पुरळ मावळते, नोंद राहिली पाहिजे

"डॉक्टर, याला ॲन्टिबायोटिक चालत नाही. मागे एकदा दिले होते, तर अंगभर पुरळ उठले."

"कोणते औषध होते?"

"नाव आठवत नाही. गुलाबी रंगाचे पातळ औषध होते."

जिल्ह्याच्या गावी असो वा तालुक्याच्या, लहान मुलांच्या कोणत्याही दवाखान्यात हा संवाद नेहमी ऐकू येतो. आई खोटे बोलत नसते. तिने मुलाच्या अंगावरचे पुरळ डोळ्यांनी पाहिलेले असते, दोन रात्री जागून काढलेल्या असतात. पण गुलाबी रंगाची पातळ औषधे बाजारात कितीतरी आहेत आणि रंगावरून औषध ओळखता येत नाही. मग डॉक्टरांपुढे दोनच वाटा उरतात. आईच्या सांगण्याकडे काणाडोळा करायचा आणि धोका पत्करायचा, किंवा एका औषधाच्या संशयापायी दहा औषधे बाजूला ठेवायची. यातली कोणतीही वाट मुलाच्या हिताची नाही.

लहान मुलाला एखाद्या औषधाचे खरोखरीच वावडे असणे ही गंभीर गोष्ट आहे. तितकीच गंभीर गोष्ट म्हणजे ते नसताना आहे असे मानून जन्मभर चालणे. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी सर्रास घडतात आणि माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच आहे. मुलाला कोणते औषध दिले, केव्हा दिले आणि नेमके काय झाले, हे कोणीच लिहून ठेवत नाही.

वावडे म्हणजे काय?

'ॲलर्जी' हा शब्द आता खेड्यापाड्यांतही रुळला आहे. मराठीत त्याला 'वावडे' असा नेमका शब्द आहे. ॲलर्जी हा शब्द १९०६ साली व्हिएन्ना शहरातील क्लेमेन्स फॉन पिर्के या डॉक्टरांनी तयार केला. पिर्के हे लहान मुलांचे डॉक्टर होते, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. त्या काळी घटसर्प झालेल्या मुलांना घोड्याच्या रक्तापासून तयार केलेले सीरम टोचत असत. त्याने प्राण वाचत, पण काही मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप येई, सांधे सुजत आणि अंगावर गांधी उठत. त्याच मुलाला पुढे कधी पुन्हा ते सीरम टोचले, तर हाच त्रास फार लवकर सुरू होई. पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांनी यावरून अनुमान काढले की, शरीर पहिल्या भेटीत बाहेरच्या पदार्थाची ओळख करून घेते आणि दुसऱ्या भेटीत त्याच्यावर तुटून पडते.

औषधाच्या वावड्याचे सूत्र आजही हेच आहे. म्हणून "हेच औषध मागच्या वर्षी दिले होते, तेव्हा काही झाले नाही," या सांगण्याने वावडे नाही असे ठरत नाही. मागच्या वर्षी कदाचित ओळख झाली असेल, भांडण या वर्षी सुरू झाले असेल.

पण औषधाने होणारा प्रत्येक त्रास म्हणजे वावडे नव्हे. ॲन्टिबायोटिकने पोट बिघडणे, एक-दोन उलट्या होणे, लंगोटाच्या जागी बुरशीमुळे लाल होणे हे त्या औषधाचे दुष्परिणाम आहेत. ते सांगावेत जरूर, पण त्यांना वावडे म्हणू नये. तसेच "याच्या काकांना पेनिसिलिनची रिॲक्शन आली होती, म्हणून याला नको," हेही बरोबर नाही. पेनिसिलिनचे वावडे घराण्यात वारसा म्हणून चालत येते, असे मानून मुलाला ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र फिटच्या औषधाने भावंडाला किंवा आईवडिलांना कातडी सोलवटण्याइतका त्रास झाला असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी.

प्रत्येक पुरळ औषधाचे नसते

लहान मुलांच्या बाबतीत खरा घोटाळा येथे होतो. मुलाला ताप येतो, आपण औषध आणतो आणि चौथ्या दिवशी अंगावर पुरळ दिसते. आपण म्हणतो, औषध गरम पडले. पण ताप ज्या विषाणूमुळे आला, तोच विषाणू पुरळही उठवू शकतो, हे कोणाच्या मनात येत नाही. गोवर हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. डेंगी आणि चिकुनगुन्याच्या तापातही अंग लाल होते.

सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांमध्ये रोझिओला नावाचा एक आजार फार आढळतो. त्यात तीन-चार दिवस सणसणून ताप येतो. घरचे घाबरतात, कोणीतरी ॲन्टिबायोटिक सुरू करते. मग ताप एकदम उतरतो आणि त्याच दिवशी पोटापाठीवर गुलाबी बारीक पुरळ उमटते. हे पुरळ त्या आजाराचा शेवटचा अंक असतो आणि आपोआप जाते. औषध दिले नसते तरी ते उठलेच असते. पण वेळ अशी जुळून येते की, आरोप औषधावर जातो आणि बिचाऱ्या मुलाच्या नावापुढे जन्मभराचा शिक्का बसतो.

दुसरा प्रकार याहून चमत्कारिक आहे. एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूने घसा सुजतो, मानेत गाठी येतात, ताप येतो. घसा दुखतो म्हणून ॲम्पिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन दिले, की यांतील अनेकांच्या अंगावर लाल पुरळ उठते. विषाणू आणि औषध एकत्र आले म्हणून हे घडते. आजार बरा झाल्यावर तेच औषध यांतील बहुतेकांना पुढे निर्वेध घेता येते.

मग अशा सरसकट शिक्क्यांपैकी खरे किती? कॅनडातील मॉन्ट्रियल येथील डॉक्टरांनी याचा छडा लावला. ॲमॉक्सिसिलिनने पुरळ उठले म्हणून वावडे असल्याचा संशय असलेल्या ८१८ मुलांना त्यांनी रुग्णालयात, देखरेखीखाली, आधी थोडे आणि मग उरलेले असे तेच औषध पुन्हा दिले. २०१६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ८१८ पैकी ७७० मुलांना, म्हणजे ९४ टक्के मुलांना, काहीही झाले नाही. १७ मुलांना लगेच त्रास झाला आणि ३१ मुलांना उशिराने पुरळ उठले. तेही सौम्य होते. म्हणजे शंभरातली जवळजवळ चौऱ्याण्णव मुले विनाकारण त्या औषधाला मुकली होती.

चुकीच्या शिक्क्याची किंमत

"मुकली तर मुकली, दुसरी औषधे आहेत की," असे कोणी म्हणेल. दुसरी औषधे आहेत हे खरे, पण ती अनेकदा महाग असतात, कधी त्या आजाराला कमी लागू पडतात, आणि पुष्कळदा गरजेपेक्षा जास्त जंतूंवर मारा करणारी असतात. ज्या घुशीला सापळा पुरला असता तिच्यासाठी घराला आग लावण्यातला हा प्रकार आहे. जंतू अशाने औषधांना सरावतात आणि पुढे खऱ्या गरजेच्या वेळी औषधे निकामी ठरतात. त्याची किंमत एका मुलाला नव्हे, साऱ्या गावाला मोजावी लागते.

एक उदाहरण आपल्याकडच्या गरीब वस्तीतले आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना घशाच्या संसर्गानंतर रुमॅटिक ताप येतो. सांधे दुखून बरे होतात, पण हृदयाच्या झडपा बिघडतात. पुन्हा असा झटका येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. त्याच्या तोडीचा दुसरा उपाय नाही. दोन वेळच्या गोळ्या देता येतात, पण त्या रोज न चुकता घेणे किती घरांत जमते? अशा मुलाच्या कागदावर कोणीतरी, कधीतरी, साध्या विषाणूच्या पुरळावरून 'पेनिसिलिन चालत नाही' असे लिहिलेले असेल, तर तो एक शब्द त्याच्या हृदयाला महागात पडू शकतो.

खरे वावडे कसे दिसते?

याचा अर्थ पुरळाकडे दुर्लक्ष करावे असा मुळीच नाही. खरे वावडे असते आणि त्याचे काही प्रकार प्राणावर बेततात. सर्वसाधारण वाचकाने चार प्रकार ओळखावेत.

पहिला प्रकार गांधीचा. औषध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत, अंगावर खाजणाऱ्या, फुगीर, लालसर गांधी उठतात. एका जागची मावळते, दुसरीकडे उठते. याला आपण अंगावर पित्त उठणे म्हणतो. नुसती गांधी असेल तर ती बहुधा निभावते. पण ओठ, पापण्या सुजल्या, आवाज घोगरा झाला, धाप लागली, लागोपाठ उलट्या झाल्या किंवा मूल गळून पडले, तर ती अतितीव्र प्रतिक्रिया समजावी. तेथे मिनिटांचा हिशेब असतो. मांडीच्या स्नायूत ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हाच तिच्यावरचा पहिला उपाय.

दुसरा प्रकार उशिरा येणाऱ्या पुरळाचा आणि तोच सर्वात जास्त आढळतो. औषध सुरू केल्यापासून साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी छाती-पोटापासून गोवरासारखे लाल ठिपके उठतात आणि हातापायांवर पसरतात. थोडी खाज असते, मूल खेळते-खाते. औषध पूर्वी घेतलेले असेल, तर हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दिसते. हे पुरळ आठवड्याभरात कातडीचा थोडा कोंडा होऊन जाते. विषाणूच्या पुरळाशी याचा घोटाळा होतो तो यामुळेच.

तिसरा प्रकार एकाच जागी पुन्हा पुन्हा उठणाऱ्या डागाचा. ओठावर, हातावर किंवा लघवीच्या जागी एक गोल, लालसर-जांभळा चट्टा उठतो, बरा होताना काळपट डाग ठेवतो. पुढे कधी तेच औषध घेतले, की त्याच जागी तो पुन्हा पेटतो. सल्फा गटातील औषधे आणि दुखण्या-तापावरच्या काही गोळ्या यामागे असतात. हा प्रकार फार धोक्याचा नाही, पण गुन्हेगार ओळखायला याच्यासारखा साक्षीदार नाही.

चौथा प्रकार क्वचित दिसतो, पण तो सर्वात भयंकर. १९२२ साली अमेरिकेतील स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन डॉक्टरांनी दोन लहान मुलग्यांचे आजारपण नोंदवले. ताप, अंगभर चट्टे, तोंड आतून सोलवटलेले आणि डोळे लालभडक होऊन चिकटलेले. तेव्हापासून हा आजार त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो. यात कातडी दुखते, भाजल्यासारखे फोड येतात आणि ती सुटू लागते. सल्फा गटातील औषधे आणि फिटची फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ही औषधे यामागे प्रामुख्याने आढळतात. हा त्रास बहुधा औषध सुरू केल्यापासून पहिल्या दोन महिन्यांतच होतो. मुलांमध्ये कधी कधी एखाद्या जंतुसंसर्गानेही असे होते, पण ते ठरवणे डॉक्टरांचे काम. लॅमोट्रिजिनचा डोस भराभर वाढवला तर धोका वाढतो, म्हणून फिट थांबत नाही असे पाहून घरच्या घरी डोस वाढवू नये.

केव्हा धावायचे?

पुरळाबरोबर पुढीलपैकी एक जरी खूण दिसली, तरी संशयित औषधाचा पुढचा डोस देऊ नका आणि उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा. चेहरा किंवा ओठ सुजणे. श्वासाला त्रास. मूल सुस्त पडणे. तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी फोड किंवा जखमा. कातडी हात लावताच दुखणे, तिच्यावर पाण्याचे फोड येणे, ती सोलून निघणे. पुरळाचा रंग जांभळा होणे आणि बोटाने दाबल्यावरही तो फिका न पडणे. चढता ताप आणि मानेत, काखेत गाठी. धाप लागली असेल किंवा मूल गळाले असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि मुलाला आडवे ठेवा. धाप लागलेल्या मुलाला बसून बरे वाटत असेल तर बसू द्या. एकदा बरे वाटले म्हणून लगेच घरी परतण्याची घाई करू नका. असा झटका काही तासांनी पुन्हा येऊ शकतो.

यांपैकी एकही खूण नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही. पण पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा. फिटचे किंवा क्षयाचे औषध चालू असेल तर मात्र मनाने बंदही करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका, त्याच दिवशी दाखवा. फिटचे औषध एकाएकी तोडले तर फिट अनावर होऊ शकते. आणि मुलाला इंजेक्शन दिल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या बाकावर बसून राहण्याचा कंटाळा करू नका. त्या अर्ध्या तासाला फार मोल आहे.

घरगुती उपायांबद्दल दोन शब्द. गांधीवर आमसुलाचे पाणी चोळण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. नुसती खाज असेल तर त्याने थोडा थंडावा वाटतो, बिघडत काही नाही. पण आत गेलेल्या औषधाचे भांडण बाहेरच्या पाण्याने मिटत नाही. धाप लागलेल्या मुलाला आमसूल चोळत बसणे म्हणजे हातची वेळ घालवणे. गेरू लावून अंग रंगवले, तर डॉक्टरांना पुरळच दिसत नाही. आणि शेजारणीने दिलेले मलम तर नकोच. खाजेवरच्या अनेक मलमांत स्टेरॉईड असते. २०१८ साली अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत घातली गेली, तरी ती आजही घरोघर फिरतात. लहान मुलाच्या नाजूक कातडीला ती अपाय करतात आणि पुरळाचे मूळ रूपही झाकतात.

दोष कोणाचा?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पुरळ औषधाचे की आजाराचे, हे ठरवायला डॉक्टरांना मुख्यतः एकच गोष्ट लागते, ती म्हणजे बिनचूक हकिकत. औषध कोणते, कधी सुरू केले, पुरळ कितव्या दिवशी उठले. आणि नेमकी हीच गोष्ट आपल्याकडे मिळत नाही. याचा दोष एकट्या आईवर टाकणे अन्यायाचे होईल.

पहिला दोष आम्हा डॉक्टर मंडळींचा. चिठ्ठीवरचे अक्षर औषधविक्रेत्याशिवाय कोणाला लागत नाही, हा आता विनोदाचा विषय राहू नये. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली नियमात दुरुस्ती करून, औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे सांगितले. किती चिठ्ठ्यांवर ते दिसते? काही ठिकाणी तर चिठ्ठीच नसते. गोळ्या कुटून पुड्या बांधून दिल्या जातात आणि बाटलीवर नाव नसलेले पातळ औषध ओतून दिले जाते. ज्या पुडीवर नाव नाही, तिच्यामुळे उद्या मुलाच्या अंगावर फोड आले, तर जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांनी काय शोधायचे? औषधाचे नाव कळणे हा रुग्णाचा हक्क आहे. ते झाकून ठेवण्यात कोणतीही विद्या नाही.

दुसरा दोष एकाच वेळी अनेक औषधे देण्याच्या सवयीचा. साध्या सर्दीतापाच्या मुलाला ताप, सर्दी, खोकला, जंतू आणि भूक यांच्यासाठी पाच बाटल्या दिल्या जातात आणि त्यांतील एकेका बाटलीत पुन्हा दोन-तीन औषधे मिसळलेली असतात. मग पुरळ उठल्यावर आठ-दहा संशयितांतून एक शोधायचा कसा? बहुतेक सर्दीतापाला ॲन्टिबायोटिक लागतच नाही. जे औषध दिलेच नाही, त्याचे वावडेही होत नाही.

तिसरा दोष औषधाच्या दुकानाचा. 'शेड्यूल एच'मधील औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावीत, असा कायदा आहे. ॲन्टिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते ती हेच सांगण्यासाठी. तरीही "मुलाला ताप आहे, काहीतरी द्या," म्हटले की बाटली काउंटरवर येते. पाकीट कापून चार गोळ्या देताना नाव नेमके दुसऱ्या तुकड्यावर राहते. बिल कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही.

आणि चौथा दोष आपणा पालकांचा. बरे वाटले की बाटली केरात जाते आणि चिठ्ठी दप्तराच्या कप्प्यात विरून जाते. थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला पाजली जाते. दवाखाना बदलला की जुने कागद घरी ठेवून "नव्याने बघा" असे सांगितले जाते. जमिनीच्या सातबाऱ्याचा उतारा आपण ट्रंकेत जपून ठेवतो. पोराच्या औषधांचा उतारा मात्र कोणाच्याच घरी सापडत नाही.

काय लिहावे, कोठे लिहावे?

उपाय साधा आहे आणि त्याला पैसा लागत नाही. प्रत्येक घरात मुलाचे माता-बाल संरक्षण कार्ड असते, ज्याला आपण लसीचे कार्ड म्हणतो. त्याच्या पहिल्या पानावर, लाल शाईने, पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात.

१. औषधाचे मूळ नाव. कंपनीचे नाव पुरत नाही. एकच औषध वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. तुम्ही एक नाव टाळाल आणि दुसऱ्या नावाने तेच औषध घरात येईल. मूळ नाव बाटलीवर छापलेले असते. वाचता येत नसेल तर औषधविक्रेत्याकडून किंवा शाळकरी मुलाकडून उतरवून घ्यावे.

२. ते कोणत्या आजारासाठी दिले होते आणि कधी सुरू केले.

३. पुरळ किती तासांनी किंवा कितव्या दिवशी उठले आणि कसे होते : गांधी, ठिपके, एकच डाग की फोड.

४. त्याबरोबर ताप, सूज, धाप, तोंडात जखमा होत्या का. रुग्णालयात ठेवावे लागले का.

५. त्या वेळी दुसरी कोणती औषधे चालू होती.

आजकाल बहुतेक घरांत मोबाईल आहे. पुरळाचे आणि बाटलीच्या लेबलाचे छायाचित्र काढून ठेवले, तर डॉक्टरांचे निम्मे काम होते, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत गांधी अनेकदा मावळलेली असते. बाटली सांभाळून ठेवावी आणि सोबत न्यावी. अंगणवाडीत आणि शाळेत मुलाचे नाव घालतानाही ही नोंद सांगावी. प्रत्येक डॉक्टरांना आणि प्रत्येक परिचारिकेला, त्यांनी विचारले नाही तरी, इंजेक्शनच्या आधी सांगावी.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठी केंद्र सरकारने २०१० साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याचे मुख्य केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर डॉक्टरच नव्हे, तर रुग्ण किंवा पालकही औषधाचा त्रास कळवू शकतात. एका गावातली एक तक्रार क्षुल्लक वाटेल, पण देशभरातून तशाच तक्रारी आल्या, तरच एखाद्या औषधाचा दोष उघडकीला येतो.

शिक्का पुसताही येतो

नोंद नीट असेल तर तिचा दुसरा फायदा असा की, चुकीचा शिक्का पुढे पुसता येतो. लहानपणी केवळ साधे पुरळ उठले असेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा ॲलर्जीतज्ज्ञ हकिकत तपासून, रुग्णालयात, सर्व तयारीनिशी ते औषध थोडे थोडे देऊन पाहू शकतात. पेनिसिलिनचे वावडे खरे असले तरी ते कायमचे राहतेच असे नाही. लगेच गांधी उठणाऱ्या प्रकारात सुमारे ८० टक्के लोकांचे वावडे दहा वर्षांत ओसरते. हा प्रयोग घरी मात्र कधीही करू नये. आणि ज्या मुलाला तोंडात, डोळ्यांत जखमा झाल्या किंवा कातडी सोलवटली, त्याला ते औषध पुन्हा कधीच, चाखायलाही, देऊ नये. त्याचा शिक्का पुसायचा नसतो, तो गडद करायचा असतो.

तेव्हा भीती दोन्हीकडची सोडावी. प्रत्येक पुरळाला औषधाचे वावडे म्हणू नये आणि खऱ्या वावड्याला उष्णता म्हणून झटकू नये. या दोहोंतला फरक सांगणारे यंत्र तालुक्याच्या गावी नाही, पण एक ओळ लिहिलेला कागद कोठेही असू शकतो. डॉक्टरांनी ती ओळ लिहून द्यावी, औषधविक्रेत्याने ती वाचावी, आणि दोघेही विसरले तर पालकांनी मागून घ्यावी. दवाखान्यातून बाहेर पडताना "पथ्य काय?" हे आपण न विसरता विचारतो. त्याच्या जोडीला "औषधाचे नाव काय?" हेही विचारायची सवय आजपासून लावून घ्यावी.